जेलकोट-दुरुस्ती

जेलकोट-दुरुस्ती : काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे रूढ भाषेत फायबरच्या, नावेवरील रंगीत पॉलिएस्टर थराची, म्हणजे जेलकोटची, डागडुजी. साधारणपणे 0.4 ते 0.8 मिमी. जाडीचा हा थर साच्यात सर्वांत आधी मारतात. अशा नावांचा आरंभ बहुधा 1942 च्या सुमारास अमेरिकेत रे ग्रीन यांच्या होडीने झाला, असे मानले जाते.

ओरखडे व कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा नेहमीच्याच. पाण्याखालच्या भागावर येणाऱ्या फोडांच्या कारणाबाबत मात्र मतभेद आहेत. एका मतानुसार पाणी जेलकोटमधून झिरपते, आतील विद्राव्य अंश विरघळवते आणि परासरण-दाबाने (दाट द्रावणाकडे पाणी ओढले गेल्याने वाढणाऱ्या दाबाने) फोड उठतो. दुसऱ्या मतानुसार आधी पाण्याने रेझिनचेच (काचतंतूंना बांधणाऱ्या पॉलिएस्टरचेच) विघटन होऊन ग्लायकोल व आम्ले सुटतात. परासरण हा त्यापुढचा टप्पा. फोडातून निघणारा द्रव चिकट असतो व त्याला शिरक्यासारखा आंबूस वास येतो, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. फोड नुसते फोडून त्यांत लांबी (पुट्टी) भरण्यापेक्षा ते घासून उघडावेत, गोड्या पाण्याने वारंवार धुवावेत व नाव काही आठवडे सुकू द्यावी, ही पद्धत त्यावरूनच आली.

भेग ‘व्ही’ आकारात कोरून, ॲसिटोनने पुसून जेलकोट किंचित उंच भरतात. हवेच्या संपर्कात पॉलिएस्टरचा पृष्ठभाग चिकटच राहतो. म्हणून मेणमिश्रित जेलकोट वापरतात किंवा वर पॉलिएस्टर फिल्म दाबून बसवतात. नंतर वॉटर पेपर, रबिंग व पॉलिश. जुन्या, उन्हाने विटलेल्या थराशी रंग तंतोतंत जुळणे दुर्मिळच.

नागपूर परिसरात, अंबाझरी वा रामटेकजवळच्या खिंडसीसारख्या तलावांकाठी, खरा प्रश्न तापमानाचा. मे महिन्यात पारा 45° से.पर्यंत चढतो आणि डब्यातले जेलकोट व हार्डनर (थर कडक करणारे रसायन) यांचे मिश्रण हात फिरवेपर्यंत घट्ट होऊ लागते. अशा वेळी हार्डनर 1 टक्क्याखाली नेण्याचा मोह होतो. तसे केल्यास थर कायमचा कच्चा राहतो. त्याऐवजी पहाटे, सावलीत, थोडेथोडे कालवणे योग्य. डिसेंबरातील सकाळी अडचण उलटी : 15° से.खाली थर नीट पिकत नाही, म्हणून काम दुपारीच घेतात. जांभळे कोबाल्ट (कडक होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) वेगळे मिळत असल्यास ते आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावे, हार्डनर त्यानंतर. दोन्ही थेट एकत्र आल्यास भडका उडू शकतो.