स्वानंद किरकिरे : गाण्यांच्या आड राहिलेला नट

२०२५ च्या जूनमध्ये 'पंचायत'चा चौथा सीझन आला आणि इंदूरच्या मराठी घरांत फोनाफोनी सुरू झाली. “खासदार पाहिलास का? अरे, तो आपला स्वानंद!” ज्यांना त्यांची गाणी तोंडपाठ आहेत अशा कितीतरी तरुण मुलांना हा माणूस कसलेला नट आहे हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. रामबाग, पळसीकर कॉलनी, लोकमान्यनगर या भागांतल्या जुन्या मंडळींना मात्र यात नवल वाटलं नाही. त्यांना आनंद झाला, आणि आनंदापेक्षा जास्त समाधान. आपण इतकी वर्षं जे सांगत होतो ते आता सगळ्यांना दिसलं, याचं समाधान.

हे कौतुक एका वेबमालिकेने जन्माला घातलेलं नाही. त्याच्या मागे बरंच काही आहे आणि त्याची सुरुवात इंदुरातच होते.

किरकिरेंचा जन्म आणि वाढ इंदूरची. आई-वडील दोघंही शास्त्रीय गाणारे, घरावर कुमार गंधर्वांच्या गाण्याची गडद छाया. कुमारजी क्षयाच्या आजारामुळे १९४८ मध्ये देवासला येऊन राहिले आणि तिथलेच झाले. देवास म्हणजे इंदूरहून बसने तासाभराचं अंतर. त्यामुळे माळव्यातल्या मराठी घरांत कुमारजी हे दूरचं दैवत नव्हतं. त्यांच्याभोवती जमलेली मंडळीही तशीच होती. 'नई दुनिया'सारखं हिंदी वर्तमानपत्र घडवणारे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी, मराठी रंगभूमीला वाहून घेतलेले बाबा डिके. दिवसा हिंदीत अग्रलेख लिहिणारा माणूस संध्याकाळी मराठी नाटकाच्या तालमीला बसतो, हे दृश्य इंदूरलाच शक्य होतं. होळकरांच्या लष्कराबरोबर आणि दफ्तराबरोबर आलेली मराठी इथे घरात राहिली. राजवाड्यासमोरच्या बाजारात, शाळेत, कॉलेजात हिंदी आणि माळवी. दोन्ही भाषा कानात मुरलेला मुलगा पुढे हिंदीत गाणी लिहितो आणि मराठीत राष्ट्रीय पुरस्काराची भूमिका करतो, यात मला तरी विसंगती दिसत नाही. त्या गावाचं ते स्वाभाविक फळ आहे.

इंदूरहून ते दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले आणि १९९६ मध्ये तिथून बाहेर पडले. ही गोष्ट लोक पटकन विसरतात. किरकिरे गीतकार होऊन मग हौस म्हणून अभिनयाकडे वळले, असा सर्वसाधारण समज आहे. क्रम उलटा आहे. आधी नाटक, मग मुंबई, मग दिग्दर्शक सुधीर मिश्रांकडे साहाय्यकाचं काम, आणि त्या ओघात गाणं. 'बावरा मन' हे त्यांचं स्वतःचं गाणं, मित्रांच्या बैठकीत म्हटलं जाणारं. ते मिश्रांच्या कानी पडलं आणि 'हजारों ख्वाहिशें ऐसी'मध्ये आलं. लिहिलंही त्यांनीच, गायलंही त्यांनीच. २००५ मध्ये तो चित्रपट प्रदर्शित झाला, त्याच वर्षी 'परिणीता' आला, आणि गीतकार म्हणून त्यांचं नाव पक्कं झालं. 'लगे रहो मुन्नाभाई'मधल्या 'बंदे में था दम'साठी राष्ट्रीय पुरस्कार, मग 'थ्री इडियट्स'मधल्या 'बहती हवा सा था वो'साठी दुसरा. २०१२ मध्ये 'सत्यमेव जयते'मधल्या 'ओ री चिरैया'ने त्यांचा आवाज घराघरांत नेला.

इथेच नट मागे पडला. आपल्या चित्रपटसृष्टीची ही जुनी सवय आहे. माणूस ज्या दारातून आत आला, त्याच दाराशी त्याला कायम उभं करायचं. गीतकाराकडे लोक गाणी मागायलाच येणार. अधूनमधून छोट्या भूमिका येत होत्या, २०१५ मध्ये 'क्रेझी कुक्कड फॅमिली'त थोडी मोठी आली, पण तो चित्रपट आला तसा गेला. मला वाटतं, गाणी इतकी गाजली नसती तर हा नट दहा वर्षं आधी लोकांना दिसला असता. पण ती गाणी नसती, ही कल्पनाही कुणाला करवणार नाही.

मग 'चुंबक' आला. संदीप मोदी दिग्दर्शित हा मराठी चित्रपट २०१८ च्या जुलैमध्ये प्रदर्शित झाला. मुंबईत हॉटेलात पोऱ्या म्हणून राबणारा बाळू. त्याला उसाच्या रसाचं दुकान टाकायचं आहे आणि त्यासाठी पैसे हवे आहेत. मित्राच्या नादाने तो मोबाइलवर लॉटरीचे खोटे संदेश पाठवून लोकांना फसवायला निघतो. जाळ्यात सापडतो तो प्रसन्न ठोंबरे नावाचा, वयाने पोक्त पण बुद्धीने मूल राहिलेला माणूस. ही किरकिरेंची भूमिका.

अशा भूमिका करताना भल्याभल्यांचा पाय घसरतो. नट आजाराची लक्षणं दाखवत बसतो, प्रेक्षक त्याच्या मेहनतीला टाळ्या देतो आणि माणूस हरवतो. किरकिरेंचा प्रसन्न लक्षणांवर उभा नाही, विश्वासावर उभा आहे. समोरच्याने सांगितलेलं खरंच असणार, ही त्याची धारणा इतकी पक्की आहे की बघणाऱ्याला बाळूपेक्षा जास्त अपराधी वाटायला लागतं. दयेची याचना कुठेच नाही. त्याला आपण बिचारे आहोत हे माहीतच नाही, आणि नटानेही ते आपल्याला सुचवलेलं नाही. शब्दांवर जगणारा हा माणूस इथे वाक्य अर्धवट सोडतो, पुन्हा तेच म्हणतो, समोरच्याचं उत्तर येईपर्यंत नुसता बघत राहतो. त्या बघण्यात जे चालू असतं त्यासाठी मी तो चित्रपट परत परत लावते.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर मिळालेली ही पहिली मोठी भूमिका. त्यासाठी ६६ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे चित्रपट येऊन गेल्यावर वर्षाने. गीतलेखन आणि अभिनय या दोन्हींसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणं ही किती मोठी गोष्ट आहे! तरी त्या दिवशी बातम्यांत त्यांचं नाव यादीत आलं आणि पुढे सरकलं.

इंदूरकरांची अडचण तर आणखी वेगळी. चित्रपट वितरणाच्या जुन्या हिशोबात देशाचे विभाग पाडलेले असतात, आणि इंदूर येतं सेंट्रल इंडिया विभागात. मराठी चित्रपटाचा धंदा मुंबई विभाग, विदर्भासाठी सीपी-बेरार आणि मराठवाड्यासाठी निजाम यांत आटोपतो. मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट दाखवायला लावणारा महाराष्ट्राचा नियम मध्य प्रदेशात लागू नाही. त्यामुळे मोठं नाव नसलेला मराठी चित्रपट इथे लागलाच तर एखादा खेळ, तोही अडनिड्या वेळी, आणि शुक्रवारी लागून गुरुवारच्या आत उतरलेला. आपल्या गावच्या मुलाचं सर्वोत्तम काम आपल्याच गावाला थिएटरात धड पाहायला मिळू नये, याची हळहळ इथे अजून ऐकू येते आणि ती रास्त आहे.

तरीही इंदूरने हा नट ओळखला, याचं श्रेय मी इथल्या नाटक बघण्याच्या सवयीला देते. इथे मराठी नाटकं आणणाऱ्या 'सानंद' न्यासाचे पाच दर्शक समूह आहेत. त्यांतल्या एका समूहाला राहुल बारपुतेंचं नाव आहे, एकाला रामूभैया दात्यांचं, एकाला मामा मुजुमदारांचं. बाकीचे दोन 'वसंत' आणि 'बहार'. मुंबई-पुण्याचं नाटक येतं आणि शनिवारी दोन, रविवारी तीन असे पाच प्रयोग लागोपाठ करून जातं. नटांची परीक्षा बघणारं हे वेळापत्रक आहे. रविवारचा सकाळचा प्रयोग तर विशेष. आदल्या रात्री दुसरा प्रयोग संपवलेला नट सकाळी दहाला पुन्हा मेकअप करून उभा, आणि समोर आंघोळ-पूजा आटोपून, साडीचोळीत, वेळेआधी येऊन बसलेला प्रेक्षक. खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या सभागृहात मध्यंतराला चहाभोवती जी चर्चा चालते ती ऐकण्यासारखी असते. नायकाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. तो चांगला असणार हे गृहीत. बोलणं असतं ते दुसऱ्या-तिसऱ्या भूमिकेबद्दल. “तो मेहुणा झालाय ना, त्याच्याकडे बघ. वाक्य नसतानाही तो प्रसंगातच असतो.” माझ्या काकूंचं हे नेहमीचं वाक्य. कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे बघायची ही सवय एकदा लागली की सुटत नाही, आणि किरकिरेंसारखा नट कळायला नेमकी हीच नजर लागते. कारण त्यांच्या बहुतेक चांगल्या भूमिका कडेला उभ्या असलेल्या माणसांच्याच आहेत.

'थ्री ऑफ अस'मधला दीपंकर हा त्यांतला सगळ्यात अवघड. अविनाश अरुण यांचा हा चित्रपट २०२२ मध्ये गोव्याच्या 'इफ्फी' चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, २०२३ च्या ३ नोव्हेंबरला थिएटरात आला आणि डिसेंबरअखेर नेटफ्लिक्सवर. शैलजाला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे. सगळं पुसलं जाण्याआधी तिला वेंगुर्ल्याला जायचं आहे, जिथे तिच्या शाळेची काही वर्षं गेली. तिथे प्रदीप आहे, तिचा तेव्हाचा जिवलग, आता बँकेत अधिकारी आणि मनाने कवी. शेफाली शाह आणि जयदीप अहलावत यांच्या कामाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, शेफाली शाह यांना फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कारही मिळाला. दीपंकर हा तिचा नवरा, विमा विकणारा. बायकोला तिच्या बालपणात घेऊन आलेला आणि त्या बालपणात स्वतःला कुठेच जागा नसलेला.

चित्रपटात कवी दुसराच कुणीतरी आहे आणि ज्याच्याकडे कविता नाही अशा नवऱ्याच्या भूमिकेत खरा कवी बसला आहे. दिग्दर्शकाची ही निवड मला फार मोलाची वाटते. दीपंकरला मत्सर वाटतो, पण त्याला त्याची लाज वाटते. बायको इतकी मोकळी हसताना आपण कधी पाहिली होती, हा प्रश्न त्याला पडतो, आणि तो विचारायचा तर तिच्या आजारपणात विचारायचा कसा! किरकिरे हे सगळं खांद्यांतून आणि बोलण्याआधीच्या थांबण्यातून दाखवतात. इतरांबरोबर चालताना अर्धं पाऊल मागे, बोलताना आवाज एक पट्टी खाली. दुसऱ्या कुणाच्या हाती हा माणूस हास्यास्पद झाला असता किंवा खलनायकाकडे झुकला असता. इथे तो शेवटी तितकाच आपला होतो जितके ते दोघं. चित्रपटाच्या नावातला तिसरा माणूस तो आहे, आणि तो डळमळला असता तर चित्रपट दोघांच्या आठवणींची गोष्ट होऊन राहिला असता.

नेटफ्लिक्सवर आल्यावर हा चित्रपट इंदुरात घरोघरी पाहिला गेला. वेळ आपल्या हातात, खेळ उतरायची भीती नाही. छोट्या पडद्यावरच्या मंचांनी केवढा फरक केला तो इथे कळतो. ज्यांची भूमिका मोठी नसते, ज्यांचं नाव पोस्टरवर ठळक नसतं, अशा नटांचं काम आता महिनोन्महिने उपलब्ध राहतं, कुणीतरी कुणाला तरी सांगतं, आणि माणूस हळूहळू लोकांपर्यंत पोचतो.

'पंचायत'बद्दल फार लिहायला नको. खासदाराची भूमिका तुलनेने सोपी आहे. सत्तेत मुरलेला, मऊ बोलून काम काढून घेणारा माणूस किरकिरे सहज करतात. तिचं महत्त्व एवढंच की ती लाखो लोकांनी पाहिली. ही मालिका सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात चित्रित होते, इंदूर-भोपाळ प्रवास करणाऱ्यांच्या ओळखीच्या टापूत. तिथेच प्रधानजींच्या भूमिकेत रघुवीर यादव आहेत. जबलपूरच्या बाजूचे, पारशी नाटक कंपनीतून राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेलेले, तेही गाणारे नट. मध्य प्रदेशातून आलेल्या या दोन गाणाऱ्या नटांना एका मालिकेत पाहताना मला आपल्या संगीत नाटकांची आठवण होते. ताल कळणारा नट संवादात कुठे थांबायचं ते चुकत नाही. किरकिरेंच्या शांततेचं मोजमाप इतकं अचूक असतं ते घरातल्या तंबोऱ्यामुळे, असं माझं मत आहे.

आता मागणी आहे ती मराठी भूमिकांची. 'चुंबक'नंतर त्या तोडीचं मराठी काम त्यांच्या वाट्याला आलेलं नाही. मुंबई-पुण्यातल्या लेखक-दिग्दर्शकांनी हा नट गीतकार म्हणून नव्हे तर नट म्हणून डोळ्यांसमोर ठेवून भूमिका लिहायला हव्यात, कडेच्या नव्हे, मधोमधच्या. आणि नाटक लिहिलं तर फार उत्तम. इंदूरचे पाचही प्रयोग भरतील, याची खात्री मी देते.