नदीकाठची पायवाट (नागपूर)

गिरण्या, कारखाने आणि दाट वस्तीच्या मागे पडलेल्या शहरी नदीच्या काठाने सर्वांना सलग चालत जाता येईल असा मार्ग. नागपुरात हा विषय निघतो तो नाग नदीवरून. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांकडून येणारी ही नदी अंबाझरी तलावानंतर सीताबर्डी, महाल हा जुना भाग ओलांडते. पूर्वेला पिली नदी तिला मिळते आणि पुढे ती कन्हानला जाते. शहरातली तिची लांबी सुमारे १७ किमी. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल आणि नंतरची मॉडेल मिल यांच्या काळात शहर पसरले, घरांनी नदीकडे पाठ केली आणि सांडपाणी तिच्यात उतरले.

फरशी बसवणे हे यातले सर्वांत सोपे काम. उन्हाळ्यात नागेत मुख्यतः सांडपाणीच वाहते. त्या वासात फिरायला कोण येणार? म्हणून आधी काठाने मोठी मलवाहिनी टाकून नाल्यांची तोंडे तिच्यात वळवावी लागतात. ती जमिनीत पुरली, की वरची पट्टी तशीही मोकळी ठेवणे भाग असते : चेंबर उघडायला आणि पावसाळ्यापूर्वी गाळ काढणारे पोकलेन उतरवायला. पायवाटेला खरी जागा मिळते ती इथे.

दुसरा प्रश्न पुराचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. वाटेसाठी पात्रात भराव घालून उंच भिंती बांधल्या, तर पाण्याची वाट अरुंद होते. त्यापेक्षा दोन पातळ्या बऱ्या. खालची पुरात बुडू द्यायची, तिच्यावर विजेच्या पेट्या ठेवायच्या नाहीत. दिवे व बाके वरच्या वाटेवर.

नागपूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे मुरमाचा भक्कम थर नसेल तर फरशी उखडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या गावात सावलीही हवी. अर्जुन, करंज, जांभूळ ही काठावर रुजणारी झाडे. शोभेच्या पामचा इथे काही उपयोग नाही.

जमिनीचा गुंता मात्र मोठा. काठाच्या जागा महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, महसूल खाते आणि खासगी मालक यांच्यात विखुरलेल्या असतात, शिवाय झोपड्यांचे पुनर्वसन वेगळेच. घाट रोडवरच्या मोक्षधामापाशी तर वाट काठ सोडून मागच्या रस्त्याने नेणेच योग्य. अंत्यविधीला आलेल्यांच्या मधून फिरायला जाणाऱ्यांची वर्दळ नको.