थायलंडचं पंचकोल आणि उडणारा जांभळा रंग

थायलंडमध्ये बेंजाकुल नावाचं एक जुनं औषध आहे. बेंजा म्हणजे आपलं पंच. आत काय तर पिंपळी, मिरीच्या खानदानातल्याच आणखी दोन वेलींपैकी एकीचं मूळ आणि दुसरीचं खोड, लाल चित्रकाचं मूळ आणि आलं. आयुर्वेदवाले लगेच ओळखतील, अरे हे तर आपलं पंचकोल, थोडा फरक सोडला तर तेच! तिकडेही मूळ काम पोटाचंच, गॅस, अपचन वगैरे, पण दक्षिण थायलंडमधले वैदू ते कॅन्सरच्या पेशंटलाही देतात, म्हणून थम्मासात विद्यापीठातल्या संशोधकांनी ते लॅबमध्ये तपासायला घेतलं.

अशा तपासणीतली अँटिऑक्सिडंटची, म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू निकामी करणाऱ्या द्रव्यांची, टेस्ट तशी सोपी आहे. डीपीपीएच नावाची पावडर अल्कोहोलमध्ये विरघळवली की गडद जांभळं द्रावण होतं, त्यात अर्क टाकायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचं आणि जांभळं जाऊन पिवळट झालं की पास, किती रंग उडाला ते मशीन ५१७ नॅनोमीटरला मोजतं. कॉलेजात आम्ही आवळ्याच्या रसावर केली होती, बघता बघता रंग गायब, सगळे खूश, मग एकाने कपातला कोरा चहा टाकला तर तोही पास झाला :) आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे कॅन्सरवर उतारा असंही नाही. अमेरिकेत सिगरेट ओढणाऱ्यांना बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए देऊन बघितलं तर फुफ्फुसाचा कॅन्सर २८ टक्के जास्त निघाला, १९९६ च्या जानेवारीत ट्रायल मध्येच थांबवावी लागली.

कॅन्सरची टेस्ट वेगळी. ९६ खड्ड्यांच्या प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये कॅन्सरच्या पेशी वाढवतात, अर्क घालून साधारण तीन दिवस ठेवतात, मग गुलाबी रंग देतात, तो पेशींच्या प्रोटीनला चिकटतो, म्हणजे खड्डा जितका फिका तितक्या पेशी कमी उरल्या. बेंजाकुलमध्ये यातलं सगळ्यात जहाल द्रव्य निघालं चित्रकातलं प्लंबॅजिन. मला याचं फार नवल वाटलं नाही, चित्रकाचं ताजं मूळ वाटून कातडीवर लावलं तर फोड येतो, आपले वैद्यसुद्धा ते आधी चुन्याच्या निवळीत भिजवून शुद्ध करून घेतात. जे कातडी जाळतं ते प्लेटमधल्या पेशी मारणारच की, प्रश्न हा की त्याच डोसला निरोगी पेशी जगतात का, म्हणून शेजारच्या खड्ड्यांत त्याही लावाव्या लागतात आणि रिपोर्टमध्ये मी आधी तोच आकडा शोधतो.

अजून एक गंमत आहे. लॅबमध्ये अर्क बऱ्याचदा अल्कोहोलमध्ये काढतात, आणि घरी लोक पाण्यात उकळून काढा करतात. प्लंबॅजिन पाण्यात जेमतेम विरघळतं, वर उकळताना वाफेबरोबर उडूनही जातं. त्यामुळे अल्कोहोलच्या अर्काचा आकडा कितीही भारी आला तरी तो काढ्याला लावता येत नाही, काढ्याची टेस्ट वेगळीच करायला लागते.