पडद्यावरचा आकडा आणि परिचारिकेची नजर

अतिदक्षता विभागातल्या अत्यवस्थ रुग्णाच्या मनगटातील धमनीत बहुधा एक बारीक नळी घातलेली असते. सलाइनने भरलेल्या लांब नळीतून ती ट्रान्सड्यूसर नावाच्या दाबमापकाला जोडतात आणि मग हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक मॉनिटरवर रक्तदाबाची लाट उमटते. हा ट्रान्सड्यूसर रुग्णाच्या हृदयाच्या पातळीत असावा लागतो. कूस बदलताना पलंग वर घेतला आणि ट्रान्सड्यूसर स्टँडवर होता तिथेच राहिला, तर नळीतल्या पाण्याच्या स्तंभाचा भार आकड्यात मिसळतो. 10 सेंटिमीटरच्या फरकाने रक्तदाब सुमारे 7.5 मिलिमीटर जास्त दिसतो. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णात सरासरी दाब निदान 65 राखण्याचा प्रयत्न असतो. प्रत्यक्षात 60 असताना पडद्यावर 67 दिसले, तर अलार्म वाजत नाही आणि औषधही कोणी वाढवत नाही. म्हणून रुग्णाला हलवल्यावर परिचारिका आधी ट्रान्सड्यूसरची पातळी पाहते, आकडा नंतर. माझ्या मते या कामाचा गाभा इथेच आहे.

नळीत हवेचा बुडबुडा अडकला की लाट बोथट होते, वरचा दाब कमी आणि खालचा जास्त दिसतो, सरासरी मात्र फारशी बदलत नाही. अशा वेळी सलाइनचा झोत क्षणभर सोडून तो थांबल्यावर लाट कशी डोलते ते पाहतात. एकदोन हेलकावे घेऊन ती स्थिरावली तर मापन विश्वासार्ह असते. एकही हेलकावा न घेता ती सावकाश खाली आली, तर बुडबुडा किंवा गुठळी शोधायची.

रक्तदाब टिकवणारे नॉरअॅड्रेनलिन शरीरात इतके झपाट्याने नाहीसे होते की दोनतीन मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. ते पंपावर बसवलेल्या सिरिंजमधून अखंड देतात. ती सिरिंज संपत आली की नवी लावावी लागते, पण नव्या पंपाचा दट्ट्या नीट टेकून औषध प्रत्यक्ष वाहू लागेपर्यंत काही मिनिटे जाऊ शकतात, आणि तेवढ्यात दाब ढासळतो. त्यामुळे अनेक ठिकाणी जुनी सिरिंज संपण्याआधीच दुसरा पंप चालू करून, लाटेवर नजर ठेवत पहिल्याचा वेग हळूहळू उतरवतात.

अशी अखंड देखरेख एका छताखाली आणण्याची कल्पना 1952 सालच्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीतून रुजली. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या पद्धतीने वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने हाताने फुगा दाबून रुग्णांना श्वास देत होते.

काही गोष्टी मात्र कोणताही मॉनिटर दाखवत नाही. गंभीर आजारात मेंदूचे भान हरपते, ते दरवेळी आरडाओरड्यानेच कळते असे नाही. पुष्कळ रुग्ण नुसते गप्प पडून राहतात आणि पाहणाऱ्याला ते शांत झोपल्यासारखे वाटतात. परिचारिका अशा रुग्णाचा हात हातात घेते, दहा अक्षरे एकेक करून उच्चारते आणि ठरलेले अक्षर आले की बोटे दाबायला सांगते. नाडी, दाब, प्राणवायू, सारे आकडे उत्तम असतात, पण ठरलेले अक्षर येऊन जाते आणि बोटे हलत नाहीत.