सेंद्रिय फळांची वाइन आणि सेंद्रिय वाइन

कोकणात जांभूळ, करवंद किंवा काजूच्या बोंडूपासून वाइन करण्याचा विचार निघाला की, बाग सेंद्रिय असल्यामुळे वाइनही आपोआप सेंद्रिय ठरेल, असे अनेक बागायतदार धरून चालतात. प्रत्यक्षात बागेचे प्रमाणपत्र फळ झाडावरून उतरेपर्यंतचीच हमी देते. ते टाकीत पडल्यावर त्यात काय मिसळले गेले, याचा हिशेब त्यात नसतो.

युरोपीय संघात हा फरक बराच काळ लेबलवरच दिसत असे. 2012 पूर्वी तेथे ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन’ एवढेच लिहिता येई, कारण वाइन तयार करण्याच्या प्रक्रियेसाठी सेंद्रिय नियमच नव्हते. त्या वर्षीच्या हंगामापासून ते लागू झाले आणि ‘सेंद्रिय वाइन’ हे नाव मिळाले. त्यानुसार कोरड्या, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेल्या, लाल वाइनमध्ये लिटरला 100 मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट (वाइन टिकवण्यासाठी घालतात ते गंधकाचे संयुग) चालते. सेंद्रिय नसलेल्या लाल वाइनला हीच मर्यादा 150 आहे. अमेरिकेचा नियम अधिक कडक असून तेथे ‘सेंद्रिय वाइन’मध्ये सल्फाइट वरून घालताच येत नाही, ते घातले तर ‘सेंद्रिय द्राक्षांची वाइन’ म्हणावे लागते. त्यामुळे एकच बाटली युरोपात एका नावाने आणि अमेरिकेत दुसऱ्या नावाने विकली जाऊ शकते. आंबवणारे खमीर (यीस्ट) स्वतःही थोडे सल्फाइट तयार करते, म्हणून ‘सल्फाइट अजिबात नाही’ हा दावा सहसा तंतोतंत खरा नसतो.

बागेच्या बाजूने फारसे वेगळे सांगण्यासारखे नाही. भारताच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार बहुवर्षायू झाडांना पहिल्या सेंद्रिय तोडणीपूर्वी 3 वर्षांचा रूपांतरण काळ, म्हणजे सेंद्रिय पद्धतीकडे वळण्याचा काळ, लागतो. मात्र सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असा समज कोणी करून घेऊ नये. सुपारीच्या कोळेरोगावर आपल्याकडे मारतात ते मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण युरोपातील सेंद्रिय द्राक्षबागांतही चालते, फक्त तांब्याच्या एकूण मात्रेवर बंधन असते. वाइनची द्राक्षे कोकणात न घेता घाटावर घेतली जातात, त्यामागेही रोगांचेच कारण आहे: 3000 मिलिमीटरच्या आसपासच्या पावसात आणि दमट हवेत केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग आवरणे कठीण असते.

खरा पेच फळाच्या साखरेत आहे. सुमारे 12 टक्के मद्यार्कासाठी लिटरला 200 ग्रॅमच्या आसपास साखर आंबावी लागते. वाइनच्या पिकलेल्या द्राक्षांत ती मुळातच असते. जांभळाच्या रसात मात्र ती 120 ग्रॅमच धरली, तर उरलेली 80 ग्रॅम वरून घालावी लागते. भारतीय नियमांनुसार ‘सेंद्रिय’ म्हणवण्यासाठी पाणी आणि मीठ वगळून किमान 95 टक्के घटक सेंद्रिय असावे लागतात. बाजारातील साधी साखर वापरली, तर ती एकटीच सुमारे 7 टक्के भरते आणि उत्तम सेंद्रिय जांभळाची वाइनही ‘सेंद्रिय वाइन’ ठरत नाही, ‘सेंद्रिय फळांची वाइन’च राहते. बागेवर तीन वर्षे घालवून किराणा दुकानातल्या साखरेपाशी अडकणे मला तरी पटत नाही; प्रमाणित सेंद्रिय साखरेची सोय हंगामाआधीच करून ठेवावी.

दुसरा पेच उष्म्याचा. ही फळे ऐन उन्हाळ्यात येतात, आणि टाकी थंड ठेवता आली नाही तर रस व्हिनेगरकडे झुकायला वेळ लागत नाही. कैरीचे पन्हे किंवा आंब्याचा गर टिकवणाऱ्यांना केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) परिचित आहेच. वाइनमध्ये सल्फाइट घालतात ते बहुधा त्याच पुडीतून. ते कमी वापरायचे असेल तर फळ उतरवल्यावर लगेच चिरडणे, भांडी निर्जंतुक राखणे आणि टाकीला थंडावा देणे, हा खर्च टळत नाही.

घरच्या बागेचा फायदा येथेच दिसतो. फळ विकून मोकळे होणाऱ्या बागायतदाराच्या हातात फक्त पहिला दुवा असतो. बाग आणि टाकी एकाच कुटुंबाची असेल, तर सकाळी तोडलेले करवंद दुपारी टाकीत पडते आणि दोन्ही ठिकाणच्या नोंदी एकाच घरात राहतात. तरीही प्रक्रियेचे प्रमाणपत्र वेगळेच घ्यावे लागते, आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना तर सेंद्रिय असो वा नसो, आवश्यकच असतो.