पान पिवळं पडलंय, पण कुठलं?

बोन्सायची दोन पानं पिवळी दिसली की बहुतेक जण आधी फवारणीची बाटली शोधतात. मीही बरीच वर्षं तेच करायचे आणि त्यात एक छान जुनिपर (पाइनसारखं सदाहरित झाड) घालवून बसले, त्याबद्दल पुढे सांगतेच. पण आता कुठलंही आजारी झाड समोर आलं की बाटलीला हात न लावता मी आधी एवढंच बघते, की पिवळं झालेलं पान नेमकं कुठलं आहे. जुनं की कोवळं, आतलं की शेंड्याचं, एकाच फांदीवरचं की सगळ्या झाडावरचं?

हे विचारण्यामागे साधं विज्ञान आहे. नायट्रोजन आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाला जुन्या पानातून काढून नव्या पालवीला देता येतात, त्यामुळे ती कमी पडली की खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. लोह तसं सहज हलवता येत नाही, म्हणून ते कमी पडलं की उलट होतं, शेंड्याची कोवळी पानं फिक्कट पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, जाळी विणल्यासारख्या. आणि गंमत म्हणजे कुंडीत लोह बऱ्याचदा असतंच, पण क्षारांचं जड पाणी घालून घालून मातीचा पीएच (आम्लता-अल्कतेचं माप) इतका वर गेलेला असतो की मुळांना ते उचलताच येत नाही. अझेलिया (एक फुलझाड) आणि अनंताला हा त्रास फार लवकर होतो, तिथे नुसतं खत वाढवून काहीच होत नाही.

दुसरी गोष्ट पॅटर्नची. सगळ्या झाडावर एकदम, एकसारखा बदल दिसला, म्हणजे सगळ्याच पानांच्या कडा करपल्या वगैरे, तर संशय पाणी, ऊन, वारा, जास्तीचं खत किंवा आपणच मारलेल्या औषधावर घ्यायचा. कीड आणि बुरशी सहसा अशी एका रात्रीत सगळीकडे येत नाही, ती एका फांदीवर, एका कोपऱ्यात सुरू होते आणि मग पसरते. आणि पाइन किंवा जुनिपरच्या अगदी आतल्या जुन्या सुया ठरावीक काळाने पिवळ्या होऊन गळतात तो आजारच नाही, तिथे काही करायचं नसतं.

आता मुळांकडे येते, कारण माझ्या मते बोन्सायची निम्मी दुखणी पानावर दिसतात पण असतात कुंडीत. एक प्रयोग नक्की करून बघा. भांडी घासायचा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि हातावर आडवा धरा. पाणी गळेल आणि थांबेल. थांबलं की तोच स्पंज उभा करा, आणखी पाणी गळायला लागतं! स्पंज तोच, पाणीही तेच, फक्त उंची वाढली. कुंडीतही हेच होतं, तळाशी केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटींनी पाणी धरून ठेवल्याने, एक ओला थर अडकून राहतो आणि त्याची जाडी मातीच्या कणांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. समजा तो थर 3 सेंटिमीटरचा आहे, तर 20 सेंटिमीटर खोल कुंडीत वर 17 सेंटिमीटर मोकळी हवेशीर जागा उरते, पण 5 सेंटिमीटरच्या बोन्साय ट्रेमध्ये फक्त 2. म्हणून बोन्सायच्या मिश्रणात जाड दाणे लागतात, बारीक बागेची माती चालत नाही.

मुळं गुदमरली की पिथियम आणि फायटोफ्थोरा या मुळं कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं फावतं. आपण यांना बुरशी म्हणतो पण ते खऱ्या बुरशीचे भाऊबंद नाहीत, समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या जास्त जवळचे आहेत, आणि त्यांचे बीजाणू चक्क शेपट्या हलवत पाण्यातून पोहत मुळापर्यंत जातात. नेहमीची काही बुरशीनाशकं त्यांच्यावर चालत नाहीत ती यामुळेच. आता इथे जी फसगत होते ती नीट समजून घ्या: मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, मग झाड माती ओली असतानाही मलूल होतं, पानं लोंबतात, बघणाऱ्याला वाटतं तहानलंय आणि तो अजून पाणी घालतो. त्यामुळे पानं लोंबलेली दिसली तर पाणी घालायच्या आधी मातीत बोट घाला. ओली लागली तर झाड हलक्या हाताने कुंडीतून वर उचलून मुळं बघा, चांगलं मूळ घट्ट असतं आणि टोक पांढरट, कुजलेलं मूळ तपकिरी, मऊ, चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून येते आणि हातात नुसता दोरा राहतो, वासही येतो.

मुळं बघताना पांढरं काही दिसलं तर घाबरून धुवून टाकू नका मात्र. पाइनच्या मुळांवरची पांढरी धाग्यांची जाळी म्हणजे मायकोरायझा, झाडाची मित्र बुरशी, तिला मशरूमसारखा वास येतो. मुळांवरचा पिठ्या ढेकूण (रस शोषणारी कीड) वेगळा दिसतो, कापसाचे सुटे सुटे ठिपके, भिंगातून बघितलं तर त्यात हलणारे किडे, आणि कुंडीच्या आतल्या बाजूला निळसर पांढरा मेणासारखा थर.

आता ते जुनिपर. त्याचा हिरवा रंग थोडा मळकट, राखाडी वाटायला लागला. मला वाटलं असेल कुठलीतरी कीड, घरात होतं ते सगळ्या किड्यांवर चालणारं कीटकनाशक मारलं, दोनदा मारलं, आणि झाड अजूनच भराभर खराब झालं. तो लाल कोळी होता. हा किडा नाहीच, आठ पायांचा, कोळ्यांच्या कुळातला, जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि बरीचशी कीटकनाशकं त्याला मारत नाहीत, पण त्याला खाणारे भक्षक कोळी आणि लेडीबर्ड मात्र मारतात. त्याच्या सगळ्यात कॉमन जातीला 30 अंशांच्या आसपास कोरडी हवा मिळाली तर अंड्यापासून पूर्ण वाढ आठ-दहा दिवसांत होते, म्हणजे मी शत्रूचं रान मोकळं करून दिलं होतं. त्यात जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवंच दिसतं, त्यामुळे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही खरं तर. फांदीखाली पांढरा कागद धरा, फांदीवर दोन-तीन टिचक्या मारा, आणि कागद स्थिर धरून अर्धा मिनिट थांबा. धूळ असेल ती पडून राहील, कोळी असेल तर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके हळूहळू चालायला लागतील. एखादा ठिपका झपाझप पळत असेल तर तो बहुधा भक्षक कोळी, आपला माणूस. सापडला लाल कोळी तर पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, आणि अंडी मागे राहतात म्हणून दर तीन-चार दिवसांनी परत.

खवले कीड आणि मावा यांची खबर बऱ्याचदा मुंग्या देतात. खोडावर मुंग्यांची रांग, पानं चिकट, त्यावर काजळीसारखा काळा थर, हे दिसलं की काळा थर पुसत बसू नका, त्याच्या वरची फांदी बघा, कारण हा चिकटा तिथल्या किडींनी सोडलेला, वरून टपकलेला असतो. फांदीवरचा तपकिरी फुगवटा नखाने सहज निघाला तर ती खवले कीड, नाही निघाला तर सालीचाच भाग.

पानावरची पांढरी पावडर बोटाने पुसली जात असेल आणि दोन दिवसांत परत उमटत असेल तर भुरी हा बुरशीचा रोग, पाण्याच्या क्षारांचे डाग असे परत येत नाहीत. आणि जुनिपरच्या फांदीवर पावसात नारिंगी जेलीसारखी शिंगं फुटली तर तो तांबेरा, हाही बुरशीचाच रोग, त्याचं अर्धं आयुष्य जुनिपरवर आणि अर्धं पेअर किंवा सफरचंदाच्या कुळातल्या झाडावर जातं, म्हणून ही दोन बोन्साय शेजारी ठेवू नयेत.

उपाय केल्यावर जुनं पान परत हिरवं होईल याची वाट बघू नका, ते डागाळलेलंच राहतं. एकाच फांदीचा फोटो दर आठवड्याला त्याच जागेवरून काढा आणि फक्त नवीन फुटवा बघा. फुटवाच येत नसेल तर बारीक फांदीची साल नखाने जराशी खरवडा, खाली हिरवं ओलं दिसलं तर ती जिवंत आहे, तपकिरी कोरडं दिसलं तर खोडाकडे सरकत सरकत हिरवं लागेपर्यंत बघत जा, आणि कापायचं ते तिथून.