लहान विमानातला इंजिन टेंपरेचर सेन्सर आणि त्याचा बिघाड शोधणं

पिस्टन इंजिनच्या छोट्या विमानात, म्हणजे सेसना 172 वगैरे, इंजिन किती तापलंय हे तीन ठिकाणांहून कळतं: सिलिंडर हेडचं तापमान म्हणजे सीएचटी, एक्झॉस्टच्या गॅसचं म्हणजे ईजीटी, आणि ऑइल टेंपरेचर. सगळ्या विमानांत तिन्ही असतातच असं नाही. यातला एखादा आकडा विचित्र दिसायला लागला की टेक लॉगमधे, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, स्नॅग (बिघाडाची तक्रार) लिहिला जातो आणि मग शोधायचं एकच असतं, इंजिन खरंच तापलंय का सेन्सर गेलाय. मराठवाड्यात हे जास्त अवघड, कारण मे महिन्यात नांदेड-परभणीकडं पारा 42-43 ला जातो आणि यातली बहुतेक इंजिनं हवेनंच थंड होतात, त्यामुळं काटा चढला की "ऊनच लई आहे" हेही पटतं आणि "सेन्सर खराब आहे" हेही पटतं. तपासल्याशिवाय दोन्ही म्हणू नये.

सीएचटी आणि ईजीटीला बहुतेक वेळा थर्मोकपल असतो. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या, टोक तापलं की बारीकसा व्होल्टेज तयार होतो, हा परिणाम झेबेकनं 1821 मधे दाखवला. सीएचटीला सहसा लोखंड-कॉन्स्टंटनचा जे टाइप, ईजीटीला क्रोमेल-अल्युमेलचा के टाइप. जे टाइपमधे दर डिग्री सेल्सियसला साधारण 50 मायक्रोव्होल्टच मिळतात, म्हणजे हेड 200 डिग्रीला असलं तरी तारेत येतात 10-11 मिलिव्होल्ट, एवढ्याशा सिग्नलला एक ढिली थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) किंवा गंजलेला जोड पुरेसा होतो. म्हणून आधी हात वायरिंगला लावायचा, नवीन सेन्सर मागवायचं नंतर.

काटा कसा हलला ते पायलटला नीट विचारावं, निम्मं उत्तर तिथंच असतं. धातूचं हेड एका सेकंदात 50 डिग्री वरखाली होत नाही, तसं दिसलं तर तार नाहीतर कनेक्टर. रेडिओचं बटण दाबलं की आकडा उडी मारतो, तर अर्थिंग बघा. पण सीएचटी हळूहळू चढतोय आणि मागोमाग ऑइलही चढतंय तर विश्वास ठेवावा. आणि सीएचटी झपाट्यानं वर, त्याच सिलिंडरचा ईजीटी खाली, असं झालं तर ते डिटोनेशन, म्हणजे सिलिंडरमधे इंधन नीट न जळता धडाक्यानं पेटणं, असू शकतं, तिथं सेन्सरवर चर्चा करायची नाही, पॉवर लगेच कमी करायची. लायकमिंग या इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या बऱ्याच इंजिनांत सीएचटीची कमाल मर्यादा 500 फॅरनहाइट म्हणजे 260 सेल्सियस असते, पण इंजिन टिकायचं असेल तर 435 फॅरनहाइटच्या, म्हणजे 224 च्या खालीच चालवावं असं कंपनीच सांगते.

जमिनीवरची पहिली तपासणी फुकट आहे. पहाटे, इंजिन रात्रभर थंड पडलेलं असताना नुसता मास्टर स्विच लावायचा, सगळे सीएचटी हवेच्या तापमानाजवळ दिसले पाहिजेत. दुपारी करू नका, उन्हात काउलिंग, म्हणजे इंजिनवरचं झाकण, तापलेलं असतं आणि काही कळत नाही. मग संशयित प्रोब (सेन्सरचं इंजिनात बसणारं टोक) शेजारच्या सिलिंडरला लावायचा आणि तिकडचा इकडं. चुकीचा आकडा प्रोबबरोबर गेला तर प्रोब खराब, जागेवरच राहिला तर तार, मीटर किंवा खुद्द सिलिंडर. तिसरं म्हणजे प्रोब उकळत्या पाण्यात बुडवून बघायचा. इथं 100 धरू नये, संभाजीनगर साधारण 580 मीटर उंचीवर आहे तिथं पाणी 98 च्या आसपासच उकळतं. ईजीटीचा प्रोब मात्र 700-800 डिग्रीत काम करतो, पाण्यात तो जिवंत आहे एवढंच समजतं.

तारेत दोन चुका नेहमीच्या. तुटलेल्या जागी साधी तांब्याची तार जोडली की आकडा चुकायला लागतो, तार त्याच धातूंची लागते. दुसरी रंगाची: अमेरिकन पद्धतीत थर्मोकपलची लाल तार मायनस असते, आपल्याकडं लाल म्हणजे प्लस ही सवय हाताला बसलेली, उलटं जोडलं की इंजिन तापेल तसा काटा खाली जातो.

ऑइलचा सेन्सर बऱ्याचदा रेझिस्टन्सवर चालतो. रोटॅक्स 912 या छोट्या विमानांच्या इंजिनमधे तो तापला की रेझिस्टन्स कमी होतो, म्हणून तार तुटली तर एकदम थंड दाखवतो आणि तार बॉडीला टेकली तर काटा फुल्ल. सगळेच सेन्सर एकदम चुकायला लागले तर इंजिनची अर्थ तार बघायची.

आता जी गोष्ट आपल्याकडं सगळ्यात जास्त लक्षात ठेवायला हवी ती. थर्मोकपल खरं तर दोन टोकांमधला, म्हणजे इंजिनातल्या आणि मीटरजवळच्या टोकामधला, तापमानाचा फरक मोजतो. जुन्या साध्या काट्याच्या बऱ्याच मीटरमधे याची भरपाई नसते, मीटरजवळ 24 डिग्री आहे असं धरून तो बनवलेला असतो. उन्हात उभ्या विमानाचं कॉकपिट 50 ला गेलं की तो मीटर सुमारे 26 डिग्री कमी दाखवतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, इंजिन खरंच तापत असताना, काटा सगळं ठीक आहे म्हणतो. डिजिटल मीटर ही भरपाई स्वतः करतात.

सेन्सर निर्दोष निघाला तर खऱ्या कारणाकडं वळायचं: कडक झालेले किंवा फाटलेले बॅफलचे (थंड हवा सिलिंडरकडं वळवणाऱ्या पत्र्यांचे) रबर, धुळीनं भरलेला ऑइल कूलर, बरेच दिवस उभ्या विमानात काउलिंगच्या आत पाखरांनी केलेलं घरटं. काम झाल्यावर रन-अप घेऊन, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून बघून, सगळ्या सिलिंडरचे आकडे लॉगमधे लिहावेत आणि सही लायसन्सवाल्या एएमईचीच (विमान देखभाल इंजिनिअरचीच) असावी, म्हणजे पुढच्या स्नॅगला तुलना करायला काहीतरी हाताशी राहतं.